आयहेटगॉड भारी बँड आहे, पण हेरॉइनमुळे नाही

आयहेटगॉड हा न्यू ऑर्लिन्सचा स्लज मेटल बँड. त्याचा विषय निघाला की लोकं रिफवर, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या ओळीवर, नंतर येतात, आधी हेरॉइनवर येतात. मग कॅटरिना वादळ, मग गायकाची जेल, मग ड्रमर गेला ते, मग गायकाचं लिव्हर ट्रान्सप्लांट, आणि हे सगळं सांगून झालं की ते ठरलेलं वाक्य येतंच, की भाई हे लोकं ते खरंच जगलेत म्हणून त्यांचं म्युझिक इतकं खरं वाटतं. मला या वाक्याचा आता वैताग आलाय. बँड मला मनापासून आवडतो, वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि म्हणूनच सांगतो की हे कौतुक नुसतं चुकीचं नाहीये, त्याच्यामुळे आपण एक साधा प्रश्न विचारायचा सोडून देतो. न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरात, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, तीस वर्षं गाणाऱ्या माणसाचा जीव वाचवायला फॅन्सनी वर्गणी का काढायची?

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्लज मेटल म्हणजे ब्लॅक सॅबथचा जड संथपणा आणि हार्डकोर पंकचा राग एकाच भांड्यात घोटलेला. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडने १९८४ मध्ये माय वॉर हा अल्बम काढला त्याची दुसरी बाजू अशी काही रेंगाळत जाते की त्यांचेच पंक फॅन भडकले होते, तिकडे वॉशिंग्टन राज्यात मेल्विन्स हा बँड तेच आणखी हळू करत होते, आणि दक्षिणेत लुइझियानामध्ये, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या राज्यात, त्यात ब्लूज आणि दमट हवा मिसळली. आयहेटगॉड १९८८ मध्ये सुरू झाला, गिटारिस्ट जिमी बॉवर आणि ड्रमर जोई लकेझ या दोघांनी सुरू केला, थोड्याच दिवसात माइक विल्यम्स गायला आला. त्या काळात न्यू ऑर्लिन्सच्या गिगला येणारी पोरं थ्रॅश आणि क्रॉसओव्हर या फास्ट मेटलवर वाढलेली, त्यांना स्पीड पाहिजे होता, आणि या लोकांनी मुद्दाम, म्हणजे अगदी चिडवायलाच, हळू वाजवायला सुरुवात केली. लोकं वैतागायची, हे खूश व्हायचे.

आता इथे थांबून एक गोष्ट बघा. मुद्दाम हळू वाजवणं हा निर्णय आहे, नशेचा परिणाम नाही. हळू वाजवणं फास्ट वाजवण्यापेक्षा अवघड असतं हे कुठलाही ड्रमर तुम्हाला सांगेल, कारण दोन ठोक्यांच्या मधे एवढी मोकळी जागा असते की चूक लपवायला काही नसतं. १९९६ चा डोपसिक लावा, त्यातलं डिक्सी व्हिस्की लावा आणि गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त लकेझला ऐका. माणूस बीटच्या किंचित मागे रेलून वाजवतो, स्नेअर ड्रमचा ठोका अगदी शेवटच्या क्षणी पडतो, आणि त्यामुळे तो चिखलासारखा रिफ एकदम झुलायला लागतो. हा झुला मेटलमधून आलेला नाही, तो त्या शहरातून आलाय, जिथे मयताच्या मागे ब्रास बँड वाजवत जातात आणि परत येताना लोक रस्त्यात नाचतात. बॉवर स्वतः मूळचा ड्रमर, त्याने डाऊन या बँडसाठी ड्रम्स वाजवलेत, क्रोबार या बँडसाठीही वाजवलेत, म्हणून त्याचा गिटारचा उजवा हातसुद्धा ड्रमरसारखाच चालतो. आणि गाण्यांच्या मधे जो फीडबॅक, म्हणजे गिटार अॅम्पसमोर धरली की येणारा कर्कश आवाज, किंचाळत राहतो ना, तो कुणी अॅम्पसमोर झोपला म्हणून येत नाही, तो किती वेळ धरायचा आणि कधी तोडायचा हे बँडला नीट ठाऊक असतं. तो तुटतो आणि चौघं एकदम रिफवर पडतात. हे नशेत असलेल्या माणसाला जमलं असेल, पण नशेमुळे जमलं नाही. जगात नशेत बुडालेले लाखो लोक आहेत, त्यातल्या कितींनी डिक्सी व्हिस्की लिहिलंय?

बँडचं करिअर कागदावर बघितलं तर फार विचित्र दिसतं. पहिला अल्बम १९९० ला फ्रान्समधल्या एका छोट्या लेबलवर, मग सेंच्युरी मीडिया या लेबलने तो परत काढला, मग १९९३ ला टेक अॅज नीडेड फॉर पेन, १९९६ ला डोपसिक, २००० ला कन्फेडरसी ऑफ रुइन्ड लाइव्ह्ज, आणि त्यानंतर चौदा वर्षं पूर्ण अल्बमच नाही. २०१४ ला बँडच्याच नावाचा अल्बम, मग डायरेक्ट २०२१. तेहेतीस वर्षांत सहा अल्बम. अशा बँडचं पोट रेकॉर्डवर चालत नाही हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, पोट चालतं टूरवर आणि टीशर्टवर. रात्री स्टेज, पहाटे व्हॅन, पुढचं गाव. टूर रद्द झाली की त्या महिन्याचा पगार रद्द, आणि हे सगळे असे लोक ज्यांना कंपनीचा इन्शुरन्स नाही, कारण कंपनीच नाही. अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो हे इथल्या पैकी ज्यांची मुलं-भाचरं तिकडे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, एच वन बी वर असलेला माणूस नोकरी गेली की व्हिसाच्या आधी विम्याचं टेन्शन घेतो. बँडमधल्या माणसाला ती नोकरी मुळातच नसते.

२००५ चा ऑगस्ट. कॅटरिना आली, बंधारे फुटले, शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. विल्यम्सचं घर वादळानंतर जळून गेलं, म्हणजे वह्या, रेकॉर्ड्स सगळं खाक. तो शहराबाहेर पडला आणि मॉर्गन सिटी नावाच्या गावात ड्रग्ज बाळगल्याबद्दल पकडला गेला, सुमारे तीन महिने आत. हेरॉइनची सवय असलेला माणूस एकदम आत टाकला की त्याचं काय होतं, तर थंडी, उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, दिवसेंदिवस झोप नाही. विल्यम्सने ते सगळं कोठडीत काढलं आणि हेरॉइन सुटलं. आणि मित्रांनी, त्यात पँटेरा बँडचा गायक फिल अन्सेल्मो होता, धावपळ करून त्याला बाहेर आणलं.

ही गोष्ट फॅन लोकं कशी सांगतात माहितीये ना? जेलनेच वाचवला भाऊला. हे वाक्य मला ठरलेल्या त्या पहिल्या वाक्यापेक्षाही जास्त खटकतं. ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध आहे, ओपिऑइडची सवय सोडवायला देतात, अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली, आणि मेथाडोन तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे २००५ ला उपाय उपलब्ध होता, फक्त जेलमध्ये तो द्यायची पद्धत नव्हती, फार थोड्या ठिकाणी होती. आणि कोठडीत नुसतं सोडवून बाहेर पाठवण्यात काय धोका आहे, तर शरीराची सहन करायची ताकद गेलेली असते आणि माणूस बाहेर येऊन जुनाच डोस घेतो. २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगातून सुटलेल्या लोकांवरचा एक अभ्यास छापून आला होता, सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यात ओव्हरडोसने मरायचं प्रमाण सामान्य लोकांच्या १२९ पट. एकशे एकोणतीस. विल्यम्स त्या आकड्यातून निसटला कारण त्याला न्यायला बाहेर माणसं उभी होती. ज्यांच्यासाठी कुणी उभं नव्हतं त्यांच्यावर कुणी लेख लिहिले नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं जेल काम करतं.

आणि त्याच वादळात आणखी एक गोष्ट बुडाली, जी मेटलवाल्यांच्या गप्पांत कधी येत नाही. न्यू ऑर्लिन्सचं चॅरिटी हॉस्पिटल. १७३६ मध्ये एका फ्रेंच माणसाने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशावर सुरू झालेलं, विमा असो नसो, पैसे असो नसो, दारात आलेल्याला घ्यायचं असं हॉस्पिटल, १९३९ ची ती वीस मजली इमारत, शहरातले गरीब, काळे, बारमध्ये वाजवणारे, गोळी लागलेले, बाळंतीण झालेले सगळे तिथे. वादळानंतर डॉक्टर आणि सैनिकांनी मिळून काही मजले धुऊन पुसून तयार केले होते, पण राज्य सरकारने ते उघडलंच नाही, इमारत निकामी झाली म्हणून सांगितलं आणि केंद्राकडून नवीन हॉस्पिटलसाठी पैसे मागितले. चार-साडेचार वर्षं भांडण चाललं, २०१० मध्ये लवादाने ४७ कोटी डॉलरच्या वर रक्कम मंजूर केली, आणि नवीन मेडिकल सेंटर उघडलं ऑगस्ट २०१५ ला. मधली दहा वर्षं ज्या गावात निम्मी लोकं घरं दुरुस्त करत होती त्या गावात पूर्वीसारखं सगळ्यांना घेणारं मोठं हॉस्पिटल नव्हतं. स्लज मेटलच्या इतिहासात हे वाक्य यायला पाहिजे की नको? मला वाटतं अल्बमच्या तारखांपेक्षा आधी यायला पाहिजे.

त्यातच बॉबी जिंदाल. हे नाव आपल्याकडे चांगलंच माहिती आहे, २००८ ला लुइझियानाचे गव्हर्नर झाले तेव्हा इकडच्या पेपरांनी भारतीय वंशाचा म्हणून केवढं कौतुक केलं होतं. ओबामाच्या आरोग्य कायद्याने राज्यांना मेडिकेड वाढवायची मुभा दिली, म्हणजे गरिबीरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्या कुठल्याही प्रौढ माणसाला सरकारी विमा, आणि सुरुवातीची वर्षं पूर्ण खर्च केंद्राचा. जिंदाल नको म्हणाले. शेवटपर्यंत नको म्हणाले. पुढचे गव्हर्नर आले जानेवारी २०१६ ला, त्यांनी आल्या आल्या आदेश काढला आणि १ जुलै २०१६ पासून लुइझियानात ते सुरू झालं. आता हे १३८ टक्के कोण असतात बघा, बारटेंडर, किचनमध्ये भांडी घासणारा, आणि रात्री व्हॅनमध्ये झोपणारा बासिस्ट. वंशाचा अभिमान बाळगायचा तर बाळगा, पण त्याच्या सहीने कोण उघड्यावर राहिलं तेही बघा एवढंच म्हणणं आहे.

लकेझ २३ ऑगस्ट २०१३ ला गेला. बेचाळीस वर्षांचा होता, श्वसन बंद पडून, बँड नुकताच युरोपच्या टूरवरून परतला होता. २०१४ च्या अल्बमवरचे ड्रम्स त्याचेच आहेत, आणि तो अल्बम मी कधी नीट तटस्थपणे ऐकू शकत नाही हे कबूल, ड्रम्सच्या प्रत्येक छोट्या तुकड्याला वाटतं की हा माणूस आता नाहीये. त्याच्या जागी एरन हिल आला, चांगला वाजवतो, त्याला लोकांनी फार त्रास दिला नाही हे मेटलवाल्यांना शोभून दिसलं.

मग २०१६. विल्यम्सचं लिव्हर गेलं. बँडने टूर थांबवली नाही, लॅम्ब ऑफ गॉड बँडचा गायक रँडी ब्लाइद येऊन काही शोज गाऊन गेला, आणि हे मित्रप्रेम म्हणून सगळीकडे शेअर झालं, ते होतंच मित्रप्रेम, पण कुणी असं विचारलं नाही की गायक मरणाच्या दारात असताना बँडला टूर का करावी लागते. वर सांगितलंच, टूर नाही तर पगार नाही. त्याच्या बायकोने ऑनलाइन मदतीचं आवाहन केलं, जगभरातून लोकांनी दहा-वीस डॉलर टाकले, डिसेंबर २०१६ ला ट्रान्सप्लांट झालं आणि २०१७ मध्ये माणूस परत स्टेजवर. छान झालं. खरंच छान झालं. पण २०१७ च्या एका अंदाजाप्रमाणे अमेरिकेत लिव्हर ट्रान्सप्लांटचं एकूण बिल सरासरी ८ लाख डॉलरच्या वर जातं, आणि वेटिंग लिस्टवर नाव घालण्याआधी हॉस्पिटल तुमचा विमा आणि पैशाची सोय तपासतं, ऑपरेशननंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्यांचा खर्च कोण करणार हेही विचारतं. वीस-वीस डॉलरने आठ लाख होत नाहीत. वर्गणीने घरभाडं निघतं, औषधं निघतात, येणं-जाणं निघतं, मुख्य प्रश्न तसाच राहतो. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही हल्ली आठवड्याला एक तरी अशी लिंक येते, फोटो, रिपोर्ट, आणि खाली हात जोडलेले, त्यामुळे हे वर्गणीचं गणित आपल्याला समजायला काही अवघड नाही. ज्याचा फोटो चांगला, ज्याची ओळख मोठी, ज्याची गोष्ट रडवणारी, त्याचे पैसे जमतात.

आणि विल्यम्सची गोष्ट तर अशी की कॉपीरायटर बसवून पण अशी लिहिता येणार नाही. वादळ, जेल, मेलेला मित्र, नवीन लिव्हर. म्हणजे ज्या वेदनेचं आपण फॅन्स कौतुक करतो तीच वेदना वर्गणीच्या बाजारात त्याचं भांडवल झाली. त्याच गावात ट्रम्पेट वाजवणारा एखादा, ज्याला डायबेटिस आहे, जो दारू पीत नाही, ज्याच्या गोष्टीत काही ट्विस्ट नाही, त्याच्या लिंकवर किती जमले असते? त्याच्यासाठी न्यू ऑर्लिन्समध्ये म्युझिशियन्स क्लिनिक आहे, १९९८ पासून चालतंय, वाजवणाऱ्यांना परवडेल अशात तपासतात, आणि ते लोक जे करतात त्याला सलाम आहे, पण एखाद्या शहराला आपल्याच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी वेगळं धर्मादाय क्लिनिक काढावं लागतं यात शहराची बढाई कसली?

दानाची आणखी एक गोची असते, देणारा कोण आहे यावर घेणाऱ्याचं चालतं. अन्सेल्मोने विल्यम्सला आधार दिला, २०१४ चा अल्बम अमेरिकेत त्याच्याच हाऊसकोर लेबलवर आला, म्हणजे या बँडच्या अगदी वाईट काळात हा माणूस उभा होता. आणि हाच अन्सेल्मो जानेवारी २०१६ मध्ये हॉलिवूडच्या एका स्टेजवरून नाझी पद्धतीने हात वर करून व्हाइट पॉवर ओरडला, आधी म्हणाला जोक होता, मग माफी मागितली. दोन्ही खरं आहे. ज्याने तुमच्या मित्राचा जीव वाचवायला मदत केली त्याला तुम्ही काय बोलणार? तोंड दाबूनच बसणार ना. सरकारी विम्याचं एक बरं असतं, तो तुमच्याकडून इमान मागत नाही.

यावर कुणी म्हणेल की बाबा, सुई त्याने स्वतः टोचली, बाटली त्याने स्वतः उचलली, टॅक्सवाल्यांनी का भरायचं. ठीक आहे, विचारा. पण मग जेलचे तीन महिने कुणाच्या पैशाने झाले? अमेरिकेत कैदी ठेवायला पैसे लागतात, पोलिसांना लागतात, कोर्टाला लागतात, आणि इमर्जन्सीत आलेल्या बिनविम्याच्या पेशंटला कायद्याने घ्यावंच लागतं, त्याचंही बिल कुठून तरी फिरून लोकांवरच येतं. पैसे जातातच, फक्त सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात वाईट ठिकाणी जातात. शिवाय लायकी बघून उपचार द्यायचे म्हटलं तर सिगरेट ओढणारा, वडापाव-तळण खाणारा, हेल्मेट न घालणारा, आपल्यातलं कोण शिल्लक राहील ते बघा. आणि दक्षिणेतल्या त्या छोट्या गावांमधून पुढच्या काळात डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या पेनकिलर गोळ्यांनी जो हाहाकार केला, ऑक्सिकॉन्टिन १९९६ ला बाजारात आली, ज्या वर्षी डोपसिक अल्बम आला त्याच वर्षी, त्यात कुणाची किती चूक याचा हिशोब मांडायला बसलं तर व्यसनी माणूस यादीत फार खाली सापडेल.

मुंबईत डर्ज नावाचा स्लज बँड आहे, २०१८ ला त्यांचा आह पुच आला, माया लोकांच्या पुराणकथांवर बेतलेला, जड, संथ, मस्त अल्बम. ऐकताना कुणाला वाटत नाही की हे वाजवायला आधी आयुष्याची वाट लागलेली पाहिजे. रिफ लिहायला बसावं लागतं, रिहर्सलच्या खोलीचं भाडं भरावं लागतं, टोन सापडेपर्यंत अॅम्पची बटणं फिरवत बसावं लागतं. तिकडेही तेच. पण न्यू ऑर्लिन्सच्या बँडला आपण ती सवलत देत नाही, त्यांनी जळून दाखवलं तरच त्यांचं खरं.

२०२१ चा अ हिस्टरी ऑफ नोमॅडिक बिहेवियर आला तेव्हा काही जणांचं म्हणणं पडलं की मजा गेली, आवाज फारच स्वच्छ झाला, विल्यम्सचे शब्द चक्क कळतात. मला तो अल्बम डोपसिकच्या बरोबरीचा वाटत नाही, खरं सांगायचं तर मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात. पण शब्द कळतात ही तक्रार? ट्रान्सप्लांट झालेला, दारूला हात लावता न येणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस माइकसमोर उभा राहून स्पष्ट बोलतोय आणि आपण म्हणतोय की आधी बरा होतास, म्हणजे मरत होतास तेव्हा. दुसरा गिटारिस्ट ब्रायन पॅटन २०१८ मध्ये घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून बँड सोडून गेला, पंचवीसेक वर्षं वाजवून, त्यामुळे या अल्बमवर गिटार एकट्या बॉवरची आहे आणि ती भिंत थोडी पातळ झालीये, आवाज बदललाय तो मुख्यतः यामुळे. त्यावर मात्र कुणी फारसं बोललं नाही, कारण घरी जाऊन पोराबाळांत राहणाऱ्या गिटारिस्टची गोष्ट टीशर्टवर छापता येत नाही. आणि त्या अल्बमचं शेवटचं गाणं, एव्हरी थिंग, एव्हरी डे, ते हेरॉइनवर नाहीच, रोजची नोकरी, रोजचा बॉस, रोजची बिलं यावर आहे.